आंबेदऱ्याची आत्याबाई

अनसूया खराडेचं लग्न दोनदा ठरल्या तारखेला झालं नाही. त्यात नवऱ्या मुलाचा काही दोष नव्हता. पत्रिका जुळली होती, याद्या झाल्या होत्या, आचाऱ्याला विडा दिला होता. अडलं होतं ते रजेवर. अनसूया आंबेदरा कारागृहाच्या महिला विभागात शिपाई होती, आणि तिथं एका पाळीला चार जणी हव्यात तिथं दोघी होत्या. आठ तासांची पाळी संपली तरी सोडवायला कुणी आलं नाही, की पुढची पाळीही तिच्याच गळ्यात. रजेचा अर्ज वर जायचा आणि 'मनुष्यबळ अपुरे' असा शेरा घेऊन खाली यायचा. आचारी आता फोनसुद्धा उचलत नव्हता.

कायदा बदलून तुरुंग कर्मचाऱ्यांना संघटना करायची मुभा मिळाली, त्याला फार दिवस झाले नव्हते. आंबेदऱ्याच्या संघटनेचे अध्यक्ष होते सुभेदार इलाही नदाफ. निवृत्तीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा, सगळ्यांचा मामा असलेला माणूस. सचिव अनसूया. ती सचिव कशी झाली, तर निवडणुकीच्या सभेला ती ड्यूटीवर होती आणि नको म्हणायला हजर नव्हती.

आणि मग आत्याबाई आली.

कागदोपत्री तिचं नाव होतं 'वायुसंवेद'. प्रत्येक बराकीच्या छताजवळ, हवा बाहेर पडते त्या झरोक्यात, डब्याएवढं एक यंत्र बसवलं. त्याच्या तारा नियंत्रण कक्षात गेल्या. तिथं भिंतीवर प्रत्येक बराकीचा एक दिवा: हिरवा, पिवळा, लाल. कुणाच्या घरात काय शिजतंय याचा वास लांबून घेणारी बाई प्रत्येक खानदानात असतेच, म्हणून शिपायांनी पहिल्याच दिवशी त्या यंत्राचं बारसं करून टाकलं.

यंत्राबरोबर आलेली इंजिनियर केतकी दांडेकर मोकळी मुलगी होती. कँटीनमध्ये चहा पिता पिता तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं.

"माणूस श्वास सोडतो तेव्हा त्यात शेकडो वायू असतात, पण अगदी चिमूट चिमूट. त्यातला एक आयसोप्रीन. तो आपल्या स्नायूंमध्ये साठलेला असतो. माणसाला ताण आला की तो नकळत अंग आवळतो, मुठी वळतो, छाती धडधडते. मग हा वायू रक्तातून फुप्फुसात आणि फुप्फुसातून हवेत येतो. एका माणसाचा समजत नाही. पण बंद खोलीत चाळीस जणांची अंगं एकदम आवळली, की झरोक्यातल्या हवेत त्याचं प्रमाण चढतं. आमचं यंत्र तेवढंच हुंगतं. कोण, का, कशासाठी, ते त्याला ठाऊक नसतं. बराकीची रोजची हवा ते शिकून घेतं आणि त्यापेक्षा वेगळं काही झालं की दिवा बदलतं."

"म्हंजे भांडान हुयाच्या आदीच कळतंय?" नदाफमामांनी विचारलं.

"हो. मुठी वळतात, मग मारतात. मधल्या वेळात दिवा लागतो."

आणि खरंच लागला. दुसऱ्याच आठवड्यात तिसरी बराक लाल झाली. शिपाई धावले, तर नळावरच्या नंबरावरून दोन टोळकी एकमेकांसमोर उभी होती आणि एकाच्या हातात पत्र्याची पट्टी होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवशी नदाफमामांनी झरोक्याकडं बघून सलाम ठोकला. जिवावरची नोकरी करणाऱ्या माणसाला असं यंत्र कोण नको म्हणेल?

अनसूयेनं मात्र केतकीला एकटी गाठून विचारलं होतं, "आणि मॅडम, माणसं खुशीनं आवळली तर?"

केतकी हसली. "बरोबर धरलंत. अंगाला फरक कळत नाही. मॅचच्या शेवटच्या षटकात आणि मारामारीच्या आधी श्वास सारखाच. परवा टीव्हीवर मॅच होती तेव्हा दोन बराकी पिवळ्या झाल्याच होत्या. मी अहवालात स्पष्ट लिहिलंय. पण वर दिवा तेवढा बघतात."

वर खरोखरच दिवा तेवढा बघितला गेला. मुख्यालयाचा हिशेब सरळ होता. यंत्र आधी सांगतंय, तर बराकीबराकीवर माणूस उभा कशाला? एकानं कक्षात बसून दिवे बघावेत, लाल लागला की घंटा वाजवून कुमक बोलवावी. म्हणजे आंबेदऱ्याची निम्मी पदं रद्द, आणि निम्मी माणसं बदलून राज्याच्या दुसऱ्या टोकाला. यंत्राची ही चाचणीच होती. ती संपताना उपमहानिरीक्षक स्वतः येऊन बघणार आणि निर्णय देणार. तोवर सगळ्यांच्या रजा बंद, ड्यूटी असेल त्या दिवशी कुणी आवार सोडायचं नाही.

उपमहानिरीक्षकांच्या भेटीची तारीख जाहीर झाली तेव्हा अनसूयेनं कपाळाला हात लावला. तीच तिच्या लग्नाची तिसरी तारीख होती.

दोन दिवसांनी अधीक्षक पुराणिक साहेबांनी तिला बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. वरून दाब आणि खालून ओरड, यांच्या मधे सापडून त्याची पार सुपारी झाली होती.

"खराडे, बसा."

साहेबांनी बसा म्हटलं की काहीतरी निघणार, हे अनसूयेला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. ती टोकावर बसली.

"साहेब येण्याआधी संघटनेचा होकार मुख्यालयाला हवा आहे. पदं कमी करायला संघटनेची हरकत नाही, एवढंच, सचिवाच्या सहीनं." पुराणिकांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "होकार आला, तर तुमची रजा मी आजच मंजूर करतो. चार दिवस. आणि बदलीत तुमचं नाव येणार नाही, हे मी बघतो."

"आणि बाकीच्यांचं, साहेब?"

"ते माझ्या हातात नाही."

अनसूया उद्या सांगते म्हणून बाहेर आली. तिला ती रजा हवी होती. ते तिनं स्वतःशी कबूल केलं. चौतीस वर्षांची झाली होती ती, धाकट्या बहिणीची मुलं शाळेत जात होती, आणि गजेंद्रसारखा माणूस पुन्हा मिळणार नव्हता. तिनं नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. पण मान हलवायची म्हटलं की समोर नदाफमामा यायचे, निवृत्तीच्या तोंडावर चंद्रपूरला वळकटी घेऊन निघालेले. नाहीतर शेवंता यायची, तिच्याच बरोबरीची शिपाई, सहा महिन्यांचं लेकरू सासूकडं ठेवून दुहेरी पाळ्या करणारी.

संध्याकाळी गजेंद्र चौगुले आवाराच्या फाटकाशी आला. तो ऊसतोडणीच्या यंत्रांचा मिस्त्री. अंगाला ग्रीसचा वास, बोलणं कमी आणि त्यातलं निम्मं गमतीचं. फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीवर तो उभा राहिला, ती फाटकाच्या आत.

"आचारी म्हनतोय," त्यानं सुरुवात केली, "पाव्हणं, तुमास्नी लगीन करायचं हाय, का नुसतं ठरवायचंय?"

अनसूया हसली नाही. तिनं सगळं सांगितलं. गजेंद्रनं चहाचा कप गाडीवर ठेवला.

"तू व्हय म्हनलीस तर मामा कुठं जातील?"

"चंद्रपूरला."

"आनि आपल्या लग्नाला येतील?"

"येतील की. आहेर घिऊन येतील. हसून बोलतील बी."

"मग मला जेवान गिळायचं न्हाई," गजेंद्र म्हणाला. थोडा वेळ त्यानं फाटकाकडं, मग आतल्या कर्मचाऱ्यांच्या लाईनीकडं, म्हणजे चाळीकडं, आणि चाळीपुढच्या मारुतीच्या पाराकडं पाहिलं. "तू आवाराभाईर जायचं न्हाई, असाच हुकूम हाय न्हवं?"

"व्हय."

"आनि ही लाईन, ह्यो पार, आवारात येतो?"

"येतो की."

"मग तू नगंस भाईर येऊ. वरात घिऊन मीच आत येतो."

अनसूयेला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तोंड फिरवून घेतलं. तिला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की तिनं फाटकाचा गज घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी ती पुराणिक साहेबांपुढं उभी राहिली. या वेळी बसली नाही.

"होकार न्हाई, साहेब. आणि रजा पण नको. फक्त त्या दिवशीच्या जेवणाच्या सुट्टीत आमच्या पारावर लग्न लावायची परवानगी पाहिजे."

"जेवणाच्या सुट्टीत?" पुराणिकांचा पेपरवेट थांबला. "खराडे, अर्ध्या तासात लग्न लागतं का?"

"आमची जेवणं दहा मिनिटांत उरकतात, साहेब. लग्नाला अर्धा तास म्हणजे चंगळ झाली."

साहेबांनी पेपरवेट बाजूला ठेवला. मग आवारातल्या धार्मिक कार्याला मनाई करणारा नियम आपल्याला तरी आठवत नाही, असं त्यांनी खिडकीकडं बघत सांगितलं.

बातमी भिंतीच्या आत जायला वेळ लागला नाही. महिला विभागात सगळ्यांत जुनी बंदी, म्हणजे कैदी, होती गोदाक्का. अनसूया त्या दिवशी पहाऱ्यावर आली तेव्हा अख्खी बराक गजांशी गोळा झाली. शालू कुठला, मुहूर्त कधीचा, सासू कशी आहे? बंद्यांकडून काही घ्यायचं नाही आणि त्यांना काही द्यायचं नाही, हा नियम दोन्ही बाजूंना पाठ होता. पण प्रश्नांना बंदी नव्हती.

"आमाला मंगलाष्टकं तरी ऐकू येतील का गं?" गोदाक्कानं विचारलं.

अनसूयेनं ते सहज नदाफमामांच्या कानावर घातलं. लग्नाच्या दिवशी पारावरच्या लाउडस्पीकरचा कर्णा पाहुण्यांकडं न वळता कारागृहाच्या भिंतीकडं वळलेला निघाला. तो कुणी वळवला, हे मामांना अजिबात ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी अनसूया सकाळचा पहारा करून जेवणाच्या सुट्टीत लाईनीत आली, शालू नेसली, मुंडावळ्या बांधल्या. पायात मात्र ड्यूटीचे कॅनव्हासचे बूट तसेच ठेवले, कारण सुट्टी संपली की पुन्हा पहाऱ्यावर जायचं होतं. गजेंद्रच्या आईनं, आक्कांनी, ते बूट बघितले आणि सुनेच्या कानात म्हणाल्या, "असूंदे. चप्पल चोरायची भीती न्हाई." ज्यांची पाळी नव्हती ते सगळे शिपाई फेटे बांधून, सगळ्या जणी ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. अंतरपाट धरायला दोन हवालदार उभे राहिले, तेही जणू झेंडा फडकवायचा आहे अशा ताठ्यानं.

त्याच वेळी नियंत्रण कक्षात उपमहानिरीक्षक दिव्यांसमोर बसले होते. सगळे दिवे हिरवेगार होते. पुढं काय झालं ते केतकीनं अनसूयेला नंतर सांगितलं.

भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं. कर्ण्यातून ते भिंतीवरून आत गेलं आणि बराकींमधला गलका थांबला. पत्ते थांबले, शिवणयंत्रं थांबली. कुणाला स्वतःचं लग्न आठवलं, कुणाला लेकीचं, जे आपल्यावाचून लागलं होतं. शेकडो माणसं गजांना धरून उभी राहिली आणि एका कडव्याकडून दुसऱ्या कडव्याकडं जाताना सगळ्यांनी अंग आवळून श्वास धरला. तो सुटला तसा आत्याबाईनं हुंगला. महिला विभागाचा दिवा पिवळा झाला, मग लाल. मग पहिली बराक. मग दुसरी, तिसरी, चौथी. भिंतभर लाल दिवे. चाचणीचा नियम होता: लाल लागला की घंटा. उपमहानिरीक्षक उठून उभे राहिले आणि कक्षातल्या शिपायानं नियम पाळला.

कारागृहात तासाचे टोल पडतात ते वेगळे, शांत. आणि न थांबता, जीव तोडून वाजते ती पगली. पगली वाजली की असेल तिथून, असेल तसं आपल्या जागेवर धावायचं, हे शिपायाच्या हाडात भिनलेलं असतं. न्हाणीतून साबणाच्या अंगानं धावलेली माणसं आंबेदऱ्यानं पाहिली आहेत.

भटजी "तदेव लग्नं" पर्यंत आले होते. पगली वाजली, आणि पाराभोवती एक शिपाई उरला नाही. अंतरपाट धरणारे अंतरपाट टाकून पळाले. नदाफमामा फेट्याचा शेमला सावरत पळाले. आणि नवरी, हातातली माळ आक्कांच्या हातात कोंबून, शालूचा घोळ वर धरून, कॅनव्हासच्या बुटांनी सगळ्यांच्या पुढं पळाली. आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती मुख्य दरवाजाच्या आत होती आणि मागं दिंडी, म्हणजे त्या दरवाजातलं छोटं दार, बंद झाली होती. पगलीनंतर बंद्यांची गिनती, म्हणजे मोजणी, जुळेपर्यंत ती दिंडी उघडत नाही, साक्षात अधीक्षकांसाठीसुद्धा.

पारावर गजेंद्र, आक्का, भटजी, आचारी आणि वऱ्हाडी राहिले.

"ह्या टायमाला सैपाक तर झालाय," आचारी म्हणाला.

अनसूया धापा टाकत महिला विभागात पोचली. शेवंता आधीच काठी घेऊन उभी होती, कपाळावर घाम. आत मात्र सगळ्या बायका गजांशी उभ्या, आणि चेहरे असे की जणू जत्रेत आल्या आहेत.

"झालं?" गोदाक्कानं विचारलं. मग तिची नजर अनसूयेच्या गळ्याकडं गेली. "अगं बये, माळ कुटं हाय?"

"ऱ्हायली."

"ऱ्हायली? आनि तू हितं काय कराय आलीस?"

"पगली वाजली न्हवं."

"आमी काय पळून चाल्लो हुतो व्हय?" गोदाक्का खवळली. "गप गुमान गाणं ऐकत हुतो. शेवटचं कडवं बी ऐकू दिलं न्हाई तुमच्या त्या घंटीनं."

तेवढ्यात मागून बूट वाजले. ढाली आणि लाठ्या घेतलेली तुकडी, तिच्यामागं उपमहानिरीक्षक, पुराणिक आणि केतकी. अनसूयेनं टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या.

"महिला विभाग, सर्व ठीक, साहेब."

उपमहानिरीक्षकांनी तिच्याकडं वरपासून बुटांपर्यंत पाहिलं. "दिवा लाल आहे."

"खुशीचा आहे, साहेब."

"खुशीचा?"

केतकीनं पुढं होऊन सांगितलं, पूर्वी कँटीनमध्ये सांगितलं होतं तेच. यंत्र बिघडलेलं नाही. यंत्रानं खरंच सांगितलं, की इथं सगळ्यांची अंगं एकदम आवळली आहेत. कशानं आवळली, ते कळायला इथं येऊन तोंडं बघावी लागतात.

उपमहानिरीक्षकांनी आत नजर टाकली. मग सर्कलभर, म्हणजे बराकींच्या मधल्या चौकभर, नजर फिरवली. प्रत्येक दारावर माणूस उभा होता, कुणी फेट्यात, कुणी पैठणीत.

"पाळीवर एवढे लोक होते?"

"नाही, सर," पुराणिक म्हणाले. "पाळीवर निम्मेसुद्धा नव्हते. बाकीचे लग्नातून आले."

"यांना कुणी बोलावलं?"

"पगली वाजली की येतात, सर."

"आणि ही पदं नसती तर?"

इतक्या वर्षांत अनसूयेनं त्या माणसाला वरच्या साहेबाला सरळ उत्तर देताना पाहिलं नव्हतं. आज तो देऊन बसला. "तर दारावर 'सर्व ठीक' सांगायला कुणी नसतं, सर. दिवा लाल बघून ही तुकडी थेट आत शिरली असती. मंगलाष्टकं ऐकणाऱ्या बायकांवर."

तुकडीतल्या पोरांनी लाठ्या हळूच खाली घेतल्या. उपमहानिरीक्षकांनी पुन्हा गजांपलीकडच्या बायकांकडं पाहिलं.

"यंत्र राहू द्या," ते म्हणाले. "माणसंही राहू द्या. कमी करायचं प्रकरण मी बंद करायला सांगतो. लाल दिवा लागला, की आधी दारावरच्या माणसानं बघायचं, मग घंटा. हे नियमात घाला." मग त्यांनी पुन्हा मुंडावळ्यांकडं पाहिलं. "आणि पुराणिक, हिला आज रजा का नव्हती?"

पुराणिक साहेबांनी पेपरवेट शोधावा तसे हात हलवले. जवळ पेपरवेट नव्हता.

"देतो, सर. चार दिवस."

"आधी माळ घाला की," आतून गोदाक्का ओरडली. "मुहूर्त निघून चाललाय." आणि तिनं मूठ उघडली. शिवणकामातले लाल, पिवळे, हिरवे दोऱ्यांचे बारीक बारीक तुकडे. सगळ्यांच्या मुठींत तेच होतं, सकाळपासून जपून ठेवलेलं. घ्यायचं नाही आणि द्यायचं नाही हा नियम होता, पण टाकायचं नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं. गजांमधून तो रंगीत अक्षतांचा मारा अनसूयेच्या डोक्यावर, शालूवर, आणि थोडा उपमहानिरीक्षकांच्या टोपीवर पडला. त्यांनी तो झटकला नाही. अनसूयेला तिथंच रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही.

मुख्य दरवाजाशी ती पोचली तेव्हा गिनती अजून चालली होती. दिंडीला छोटी जाळीची खिडकी असते, तिच्यापलीकडं गजेंद्र उभा होता, हातात दोन्ही माळा, शेजारी भटजी.

"गिनती हुईस्तवर थांबायचं म्हनत्यात," तो म्हणाला. "मी म्हनलं, मला सवय हाय."

पहारेकऱ्यानं नियम आठवून पाहिला. माणूस जायला बंदी होती, माळेबद्दल त्यात काही नव्हतं. त्यानं जाळीची झडप उघडली. भटजींनी राहिलेलं कडवं पुन्हा खड्या आवाजात म्हटलं. गजेंद्रनं झडपेतून हात आत घातला आणि अनसूयेनं मान पुढं केली. मग त्यानं दुसरी माळ आत दिली आणि तिनं ती त्याच्या गळ्यात घातली, जरा तिरकी, एका कानावरून. भिंतीआडून, बराकीबराकीतून टाळ्यांचा असा कडकडाट उठला की पारावरची कावळेमंडळी उडाली.

अनसूयेच्या मागोमाग दरवाजाशी आलेल्या पुराणिक साहेबांकडं केतकी वॉकीटॉकी घेऊन धावत आली. "सर, सगळ्या बराकी अजून लालच आहेत. घंटा?"

"नको," पुराणिक म्हणाले. "लाल राहू दे."

इतक्यात तासाचा टोल पडला. अनसूयेनं सवयीनं शालूचा पदर खोचला. जेवणाची सुट्टी संपली होती. रजा मिळाली होती, पण ती आजपासून असं साहेब काही बोलले नव्हते, म्हणजे उद्यापासूनच असणार. ती पहाऱ्याकडं वळली, तर वाटेत शेवंता उभी, केसांत दोऱ्याचे तुकडे अडकलेले.

"कुटं निगालीस?"

"पाळीवर."

"ती पाळी आता माझी हाय," शेवंता म्हणाली. "जा तू."

गिनती जुळली आणि दिंडी उघडली. अनसूया वाकून बाहेर आली. तिच्या सगळ्या नोकरीत तिला सोडवायला कुणीतरी पहिल्यांदाच वेळेआधी आलं होतं.